खाली आहे, असं कोणी सांगितलं?

तीस-पस्तीस वर्षांपूर्वी बँकेत जाणाऱ्यांना एक दृश्य आठवत असेल. लोखंडी जाळीचं सरकतं दार अर्धवट उघडलेलं, त्याला आडवी साखळी अडकवलेली आणि दाराशी स्टुलावर खाकी कपड्यातले एक मिशाळ गृहस्थ बसलेले. कमरेला काडतुसांचा पट्टा, हाताशी दुनळी बंदूक. ग्राहक साखळीखालून वाकून आत शिरायचे, आणि आईचा पदर धरून आलेली मुलं त्या बंदुकीकडे टक लावून पाहत राहायची. 'ही कधी उडाली होती का हो?' असं मोठी माणसंही हळूच विचारत. ती शेवटची साफ कधी झाली, असं मात्र सदतीस वर्षांच्या नोकरीत मला एकाही ग्राहकानं विचारलं नाही.

बँकेच्या लेखी ती बंदूक म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरमधली एक ओळ. खुर्च्या इतक्या, पंखे इतके, लोखंडी कपाटं इतकी, बंदूक बारा बोर एक. या 'बारा बोर'चा अर्थ पुष्कळांना ठाऊक नसतो म्हणून सांगतो. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी जिच्यात नेमकी बसेल ती नळी बारा बोरची. व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. नळी आतून गुळगुळीत असते, म्हणून ही रायफल नव्हे. रायफलीच्या नळीत पीळदार खाचा असतात, त्यांनी गोळी स्वतःभोवती फिरते आणि नेम धरते. तो फरक साफसफाईच्या वेळी महत्त्वाचा ठरतो, त्याकडे येतोच.

१९९१ ते १९९५ ही चार वर्षं मी नांदुऱ्याला होतो. मुंबई-नागपूर रेल्वेच्या मुख्य मार्गावरचं, हमरस्त्यावरचं गाव. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगवाल्यांची आणि व्यापाऱ्यांची रोकड एवढी लागायची, की खजिन्यातून पेट्या आणण्यासाठी आठवड्यात दोनदा जीप काढावी लागे. आमचे गार्ड तालुक्यातल्याच एका खेड्यातले, फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. आपल्याकडे फौजेतून आलेल्या माणसाला हुद्दा कोणताही असो, गाव 'मेजर'च म्हणतं. आम्हीही मेजरच म्हणायचो.

त्या काळी शनिवारी बँक अर्धा दिवस असे. हिशेब जुळला, तिजोरीला दोघांच्या दोन किल्ल्या लागल्या, की मेजर मागच्या खोलीत बारदाना अंथरायचे. पण त्याआधी एक विधी ठरलेला. पट्ट्यातली काडतुसं ते माझ्या टेबलावर काढून ठेवायचे, दोघांनी मोजायची आणि ती माझ्या खणात कुलूपबंद व्हायची. मगच बंदूक मागच्या खोलीत जायची. काडतुसं एका खोलीत, बंदूक दुसऱ्या खोलीत. तिजोरीच्या दोन किल्ल्या एका माणसाकडे नसाव्यात, हे बँकेतल्या शिपायालाही कळतं. बंदुकीलाही तोच नियम लावणारा माणूस मला नांदुऱ्यात भेटला.

बारदान्यावर बसल्यावर पहिलं काम म्हणजे बंदुकीचं तोंड रिकाम्या भिंतीकडे करणं. ज्या भिंतीमागे रस्ता किंवा कोणाचं घर आहे ती भिंत चालायची नाही. मेजरांनी त्यासाठी परसातल्या विहिरीकडची भिंत ठरवून ठेवली होती. मग वरची कळ दाबून नळ्या खाली मोडायच्या आणि दोन्ही नळ्यांत उजेड दिसतो का ते पाहायचं. एवढ्यावर भागत नसे. करंगळी दोन्ही भोकांत घालून चाचपायचं. आमच्या कॅशियरला घरी जायची घाई असायची. ते एकदा म्हणाले, 'मेजर, सकाळी आमच्यासमोरच खाली केली ना? करा की सुरू.' मेजर बोट न काढता म्हणाले, 'कॅशियरसायेब, दुसऱ्यानं मोजेल बंडल तुमी न मोजता घेता का? खाली हाये म्हनून कोनं सांगतलं? मी आता पायतो, मंग खाली.'

बंदूक साफ करताना गोळी सुटून कोणी जखमी झाला किंवा जिवानिशी गेला, अशी चार ओळींची बातमी वर्तमानपत्रात अधूनमधून येते. वाचणाऱ्याला वाटतं, साफ करणं हेच धोक्याचं काम असावं. प्रत्यक्षात रिकामी बंदूक साफ करण्यात कपड्याला तेलाचा डाग पडण्यापलीकडे फारसा धोका नाही. धोका असतो तो भरलेली बंदूक रिकामी समजण्यात. दुनळीत एका नळीतलं काडतूस निघतं, दुसऱ्यातलं राहून जातं. मॅगझिन असलेल्या हत्याराची गंमत आणखी वेगळी. मॅगझिन काढलं म्हणजे झालं असं वाटतं, पण एक गोळी आधीच चेंबरमध्ये जाऊन बसलेली असते. क्रम चुकवून आधी बोल्ट मागेपुढे केला आणि मॅगझिन नंतर काढलं, तर बाहेर पडलेल्या गोळीच्या जागी मॅगझिन दुसरी गोळी आत पाठवतं आणि माणूस समाधानानं म्हणतो, 'झाली खाली.' म्हणून आधी मॅगझिन वेगळं, मग बोल्ट चार वेळा चालवायचा, मग डोळ्यानं बघायचं आणि बोटानं चाचपायचं. आणि चापावर बोट जायचंच नाही.

हा धोका प्रसिद्ध माणसांनाही सोडत नाही. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत जुहूच्या घरी अभिनेते गोविंदा यांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून सुटलेली गोळी त्यांच्याच पायात शिरली. कोलकात्याला निघण्याच्या गडबडीत रिव्हॉल्व्हर ठेवताना ते हातातून निसटलं, असं तेव्हा सांगण्यात आलं. सुदैवानं निभावलं. जुन्या घडणीचं रिव्हॉल्व्हर घोड्यावर आपटलं तर चाप न ओढताही उडू शकतं, म्हणून जाणती माणसं घोड्यासमोरचं एक घर रिकामं ठेवत. घरात ठेवायचं असेल तर सगळीच घरं रिकामी हवीत, हे वेगळं सांगायला नको.

आता प्रत्यक्ष सफाई. माझा रायफलीशी पहिला परिचय कॉलेजात एन.सी.सी.त झाला. आमचे उस्ताद फौजेतले होते. त्यांच्या 'थ्री-नॉट-थ्री'च्या दस्त्याला मागे पितळी झाकण होतं. ते उघडलं की आत तेलाची बारीक कुपी आणि गुंडाळलेली दोरी. या दोरीला पुलथ्रू म्हणतात. एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाला तीन फासे. वजनाजवळचा फासा तारेच्या जाळीसाठी, मधला चिंदीसाठी आणि शेवटचा, दोरी आतच अडकली तर आरमोररनं ओढून काढण्यासाठी. वजन मागच्या बाजूनं, म्हणजे चेंबरकडून सोडायचं, तोंडाकडून बाहेर काढायचं आणि एका दमात सरळ ओढायचं. तिरपं ओढलं तर दोरी नळीच्या तोंडाची कड घासते. शेकडो वेळा घासली की तिथे खोबण पडते आणि रायफल नेम सोडते. लोखंड सुताच्या दोरीनं झिजतं, हे मला त्या वेळी खरं वाटलं नव्हतं. विहिरीच्या काठाचे दगड ज्यांनी पाहिलेत त्यांना लगेच पटेल.

चिंदीसुद्धा मोजून. साफ करण्यासाठी चार इंच बाय दोन, तेलासाठी चार बाय दीड. तेलाची चिंदी लहान का, तर मोठी चिंदी घट्ट बसते आणि तेल नळीला लागण्याऐवजी पिळून बाहेर येतं. गोळीबार झाला असेल तर त्याआधी उकळतं पाणी. नरसाळ्यानं चेंबरमधून ओतायचं. आम्ही पोरं चकित. लोखंडात पाणी? कारण असं, की जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्यात क्लोरेट असे. ते जळून मागे एक क्षार उरतो. हा क्षार मिठाचा सख्खा भाऊ, हवेतली ओल ओढून घेतो आणि रात्रीत नळीला गंज चढवतो. तेलात तो विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. उकळतं पाणी नळी तापवतं, म्हणून ती लगेच कोरडीही होते. मग कोरडी चिंदी, मग तेल. आजच्या बहुतेक कारखानी काडतुसांत हा मसाला नसतो. पण ठासणीच्या बंदुकीतल्या काळ्या दारूची राखही अशीच ओल धरते आणि तिलाही आधी गरम पाणीच लागतं.

रायफलीची निगा हा विषय आपल्या इतिहासात एकदा फार मोठा झाला आहे, फक्त तो या नावानं आठवला जात नाही. १८५७ च्या काडतुसांची चरबी आपण शाळेत शिकतो. ती चरबी हवीच का होती, हे शिकवत नाहीत. नव्या एन्फील्ड रायफलीच्या नळीत खाचा होत्या. दोन-चार बार झाले की दारूची राख त्यांत घट्ट बसायची आणि पुढची गोळी तोंडाकडून खाली उतरेना. राख मऊ राहावी म्हणून वंगण. कोणतं वंगण वापरतो आहोत आणि ते कोणाच्या दातांखाली जाणार आहे, याचा विचार कंपनी सरकारनं केला नाही, आणि पुढे बराकपूर, मीरत... असो.

वंगणाचा विषय निघालाच आहे तर वऱ्हाडातल्या घराघरांतली एक समजूत सांगायला हवी. बंदुकीला घरातलं तेल चालतं, ही ती समजूत. आमच्याकडे जवस पिकतो. जवसाचं तेल दस्त्याच्या लाकडाला उत्तम. थ्री-नॉट-थ्रीच्या लाकडालाही तेच पाजत. ते लाकडात मुरतं आणि वाळून कातडीसारखं घट्ट होतं. नेमक्या याच गुणामुळे ते नळीत आणि यंत्रात घालू नये. तिथेही ते वाळतं, चिकटा धरतो, धूळ खातो आणि ऐन वेळी कळ हलत नाही. गोडंतेलाची गतही अशीच. रॉकेलनं मळ निघतो खरा, पण ते जुनं तेलही धुऊन नेतं. रॉकेल फिरवून तसंच ठेवलं तर महिनाभरात तांबूस ठिपके दिसू लागतात. खनिज तेल हवं, पातळ, आणि थोडं. बंदुकीचं तेल मिळालं नाही तर मेजर शिलाई मशीनचं वापरत. बोटाला चमक दिसेल इतपत. ओघळ दिसला तर जास्त झालं. आणि बार करण्याआधी नळीतलं तेल कोरड्या चिंदीनं पुसून घ्यायचं.

दुनळीला दोरी नव्हे, गज लागतो. लाकडी, तीन तुकड्यांचा, टोकाला पितळी कुंचला. नळ्या लाकडापासून वेगळ्या करून मागून पुढे. शिशाच्या छऱ्यांनी नळीत राखाडी रेघा उमटतात, त्या कुंचल्यानं काढायच्या. यानंतर मेजर साबणानं दोनदा हात धुतल्याशिवाय डबा उघडत नसत. शिसं पोटात जाऊ नये, हे त्यांना कोणत्या डॉक्टरनं सांगितलं होतं कोण जाणे. आणि रिकामी बंदूक उगाच 'टक टक' करायची नाही. सुईचं टोक तुटतं. शेवटी वापरलेल्या चिंद्या मोजायच्या. चार घेतल्या होत्या, चार बाहेर आल्या. नळ्या पुन्हा उजेडाकडे धरून बघायच्या, मगच जोडायच्या.

चिंदी मोजण्याचं हसू येण्याआधी हे ऐका. नळीत चिंदी, चिखल, काहीही अडकलेलं असताना बार झाला तर पुढे जायला वाट न मिळालेला जोर नळीलाच फाडतो, आणि बंदूक धरणाऱ्याचा डावा हात नेमका तिथेच असतो. आमच्या भागात यासाठी माणसाच्या विसराळूपणाचीही गरज नाही. कुंभारीण माशी आहेच. कुलपाच्या भोकात, विजेच्या बटणात जशी ती मातीचं घर बांधते तशीच खुंटीला टांगलेल्या बंदुकीच्या नळीतही बांधते. आणि खंडेनवमीला आपण बांधतो. बँकेत त्या दिवशी तिजोरीला हार, टाइपरायटरला कुंकू, लेजरांना झेंडूची पाकळी आणि बंदुकीच्या दोन्ही नळ्यांच्या तोंडांत एकेक झेंडूचं फूल. दिसायला साजिरं. मेजर हात जोडायचे, प्रसाद घ्यायचे आणि सगळे पांगले की फुलं काढून, हळदीकुंकवाचं पाणी पुसून, नळ्या उजेडाला धरून, तेलाचा हात फिरवूनच घरी जायचे. पूजा त्यांना मान्य होती, फक्त पूजेच्या रात्री बंदूक ओली झोपलेली चालत नसे. तिचं कापडी कव्हरही ते फक्त प्रवासात घालत. कव्हरात ओल कोंडते. कपाटात बंदूक उघडीच बरी.

काडतुसांचीही निगा असते, हे लोकांच्या गावी नसतं. कातडी पट्ट्यात ती महिनोन्‌महिने राहिली की कातडं कमावताना वापरलेल्या द्रव्यांनी पितळेवर हिरवा कळंक चढतो. कागदी काडतुसं पावसाळ्यात फुगतात आणि नळीत बसली की निघत नाहीत. म्हणून मेजर दर शनिवारी ती कोरड्या फडक्यानं पुसत, ओळीनं उभी करत आणि फुगलेलं वाटलं ते वेगळं ठेवून बदलून मागत. तेलाच्या बोटानं मात्र काडतुसाला शिवायचं नाही. तेल टोपीतून आत झिरपलं तर बार फुसका जातो. फुसका गेलाच, तर बंदूक लगेच उघडायची नाही. तोंड मोकळ्या दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं. काही वेळा आतली ठिणगी रेंगाळते आणि मग बार होतो.

रोकडीच्या जीपमध्ये मात्र बंदूक भरलेली असे, आणि तेव्हाचा रस्ता म्हणजे विचारू नका. पण जीप शाखेसमोर थांबून पेट्या तिजोरीत गेल्या की मेजर आधी परसात जायचे, विहिरीकडच्या भिंतीला तोंड करून नळ्या मोडायचे, दोन काडतुसं काढायचे, मला दाखवायचे. ग्राहकांच्या गर्दीत त्यांनी बंदूक कधी मोडली नाही. माझ्या चार वर्षांत ती एकदाही उडाली नाही. आता पुष्कळ शाखांच्या दाराशी बंदूकवाला दिसतही नाही. कॅमेरे आले, रोकड न्यायला वेगळ्या गाड्या आल्या.

घरातल्या बंदुका मात्र आहेत. १९५९ च्या शस्त्र कायद्यातच पीक राखायला ठासणीची बंदूक आणि संरक्षणासाठी वीस इंचांहून आखूड नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक यांची तरतूद आहे, आणि रोही नि रानडुकरं ज्याच्या तुरीत रात्र काढतात त्याला ती का हवी असते हे नांदुऱ्यात कोणाला समजवायला नको. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रांची मर्यादा आणली, परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं केली आणि लग्नावरातीत हवेत बार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. कायदा बंदूक धरणाऱ्यासाठी आहे. धरणारा गेल्यावर कपाटात उरलेल्या बंदुकीचं काय, हे घरच्यांना बहुधा माहीत नसतं.

निवृत्तीनंतर, २०२२ च्या दिवाळीत, पूर्णेकडच्या एका खेड्यातून ओळखीच्या घरचं बोलावणं आलं. आजोबा वारून वर्ष होत आलेलं. पुण्याहून आलेल्या मुलानं कपाट आवरताना धोतरात गुंडाळलेली दुनळी सापडली होती. 'काका, तुम्ही बँकेत बंदुकीवाल्यांत होतात. जमा करायची आहे, जरा साफसूफ करून द्या ना.' बंदूक ओसरीत बाजेवर ठेवलेली आणि भोवती चार लेकरं. मी आधी लेकरांना बाहेर धाडलं. बंदुकीला हात लावला नाही. मोडायची कळ गंजून बसलेली वरूनच दिसत होती. जी उघडत नाही ती भरलेलीच धरायची. आजींना विचारलं, 'भरेल तं नाही ना?' त्या म्हणाल्या, 'नाही बावा, मालक कधी भरून ठेवत नव्हते.'

परवानाधारक गेला की घरच्यांनी विनाविलंब शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. पुढे वारसाला परवाना हवा असेल तर त्यानं तसा अर्ज करावा. पण अशी गंजलेली बंदूक मोटारसायकलवर आडवी टाकून ठाण्यात न्यायची नसते. मी ठाण्याला फोन करायला लावला. दुसऱ्या दिवशी दोघे आले, त्यातला एक आरमोरर. त्यानं आम्हा सगळ्यांना वाड्याबाहेर काढलं, त्यामुळे आत काय कसं केलं ते मी पाहिलं नाही. अर्ध्या तासानं त्यानं बोलावलं. उजवी नळी रिकामी. डाव्या नळीतून निघालेलं काडतूस त्यानं तळहातावर धरलं होतं. कागद फुगून फाटलेला, पितळ हिरवंगार.

पावती ओसरीतच लिहिली गेली आणि बँकेच्या सवयीनं मी ती ओळ न ओळ वाचली: बंदूक दुनळी बारा बोर, नग एक, परवाना पुस्तिका, एक, काडतूस निकामी, एक. मुलानं सही केली. आजी त्या काडतुसाकडे बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, 'तुरीत डुकरं घुसली होती थ्या साली. रातभर वावरात बसले होते बंदूक घेऊन. बार झाला नाही म्हने, पयून गेले डुकरं.' कोणत्या साली, ते त्यांना आठवेना. मोठी नात तेव्हा रांगत होती, एवढंच त्या म्हणाल्या. मोठी नात बाहेर दाराशी उभी होती. ती त्या वर्षी बारावीला होती.